डोंगराचं प्लास्टर

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण एक आधी कबूल करा. हसू आलं तरी शेवटपर्यंत दाबून ठेवायचं. मी जो घोळ घातला तो सांगताना आता मलाही हसू येतं, पण त्या घोळापायी आमच्या वरच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई अठरा दिवस स्वतःच्या घरी येऊ शकली नाही. पायाचं प्लास्टर निघालेलं, पिशवी भरून तयार, आणि घरी यायची सोय नाही! कुणामुळे? माझ्यामुळे. कशासाठी? एका डोंगरासाठी. तोही खरा नव्हे हो. लाकडी फळीवरचा, दोन वीत उंच.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी चौतीस वर्षं एका हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये काढली. डॉक्टर हाड जागेवर बसवायचे आणि म्हणायचे, "अशोक, घे." पुढचं काम माझं. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की उचलायची, हलकेच पिळायची आणि गुंडाळत जायची. क्रिकेट खेळणाऱ्यांची मनगटं, स्कूटरवाल्यांच्या नडग्या, बाथरूममध्ये घसरलेल्या आज्यांचे घोटे, सगळं या हातांखालून गेलं. आणि सांगायला हरकत नाही, माझं प्लास्टर कधी तडकलं नाही. आजही मालाडच्या बाजारात एखादा माणूस थांबतो, भाजीची पिशवी खाली ठेवतो आणि मनगट गरगर फिरवून दाखवतो, "काका, तुम्ही घातलेलं!" काय बरं वाटतं म्हणून सांगू!

रिटायर झालो त्या दिवशी प्लास्टर रूमच्या मंडळींनी मला एक खेळण्यातली आगगाडी भेट दिली. इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे. मी जेवणाच्या सुट्टीत कायम गाड्यांबद्दलच बोलायचो, त्याचा त्यांनी काढलेला हा सूड. गाडी दोन महिने कपाटावर पडून होती.

आता एक गोष्ट आहे, जी रिटायर झाल्याशिवाय कळत नाही. माणूस घरी बसतो, पण हात बसत नाहीत. सकाळचे नऊ वाजले की माझ्या हातांना ओलं काहीतरी हवं असायचं. मी भांडी घासायला लागलो. नीताने, म्हणजे माझ्या बायकोने, तीन दिवस कौतुक केलं. चौथ्या दिवशी तिला सगळ्या वाट्या उतरत्या क्रमाने एकात एक, आणि प्रत्येक दोन वाट्यांच्या मध्ये कागद घालून ठेवलेल्या दिसल्या.

"अहो," ती म्हणाली, "ती गाडी काढा बघू कपाटावरून."

काढली! आणि जो अडकलो म्हणता! सहा बाय चारचा प्लाय आणला. त्यावर कोकणातलं एक छोटंसं स्टेशन, एक पूल, दोन बोगदे आणि मधोमध डोंगर असं ठरवलं. मुंबईच्या दीड खोलीत डोंगर कुठे ठेवणार? तर दिवसभर तो दिवाणावर असायचा, आणि संध्याकाळी टीव्हीच्या वेळेला आम्ही दोघं दोन्ही टोकांना धरून प्लाय उचलायचो आणि भिंतीला उभा टेकवायचो. सकाळी परत आडवा.

डोंगर करतात कसा माहीत आहे? खाली जाळीचा सांगाडा आणि वर प्लास्टरची पट्टी. हो, तीच! मोडक्या पायाला घालतात ती! हा छंद असलेले लोक जगभर तीच पट्टी डोंगराला वापरतात म्हणे. हे मला कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. म्हणजे चौतीस वर्षं मी डोंगरच करत होतो की राव! फक्त त्यांना बोटं होती.

मग काय, एका दिवसात डोंगर उभा. पट्टीवर पातळ प्लास्टरचा हात, त्याच्या वर खडकासारखे खाचखळगे. नीता पण म्हणाली, "झकास झालाय हो." दुसऱ्या दिवशी सकाळी प्लाय आडवा केला, आणि बघतो तर माथ्यापासून बोगद्याच्या तोंडापर्यंत तडा!

तडा? माझ्या प्लास्टरला?

मी भरला. परत गेला. पुन्हा भरला. आता शेजारी दुसरा गेला. प्लास्टरमध्ये सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळून बघितला. ओलं फडकं टाकून सावकाश सुकवून बघितलं. पंखा बंद, खिडकी बंद, नीता घामाघूम. शेवटी मी जुन्या सवयीने चक्क केसपेपर काढला. पेशंट: डोंगर. वय: नऊ दिवस. तक्रार: तडा, माथ्यापासून खाली. हसू नका म्हणालो ना!

आमचा गाडीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे ठाण्याच्या एका निवृत्त बँकवाल्या गृहस्थांनी फोटो बघून साधा प्रश्न विचारला, "खालचा बेस घट्ट आहे ना? हलत नाही ना?"

मला असा राग आला! म्हटलं, हा माणूस जन्मभर चेक पास करणारा, आणि मला प्लास्टर शिकवतोय. मी त्यांना एक हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि विषय संपवला. तो विषय तिथे संपवला नसता तर पुढचं काही झालंच नसतं, हे मला आता कळतं.

आता काकीबद्दल सांगतो. आमच्या वर दुसऱ्या मजल्यावर परब राहतात. संदीप, त्याची बायको वर्षा आणि संदीपची आई. त्या आईला सगळी बिल्डिंग काकी म्हणते. काकी मालवणकडची. नवरा गिरणीत होता तेव्हा लालबागच्या चाळीत राहिली, मग मालाडला आली, पण बोलणं अजून तिकडचंच. तोंड फटकळ, पण नारळाच्या वड्या केल्या की पहिली वाटी आमच्याकडे. तर ही काकी बाथरूममध्ये घसरली आणि घोटा मोडला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हणून हॉस्पिटलातून तिला परस्पर घाटकोपरला लेकीकडे नेली. मी बघायला गेलो होतो. खरं तर बघायला काकीला गेलो, आणि अर्धा तास प्लास्टरच बघत बसलो. "घोट्याशी जरा जाड घातलंय," असंही सांगून आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वरून आवाज सुरू झाला. घर्रर्र! ड्रिल!

वर्षा जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, आठ दिवस आवाज होईल हां. बाथरूमचं काम काढलंय. सॉरी."

मी हसून मान डोलावली आणि घरात येऊन नीताला म्हणालो, "बघितलंस? सासू बाहेर गेल्याबरोबर सुनेने हौस भागवायला काढली. नव्या लाद्या, नवे नळ!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय ना!"

काय काम काढलंय, कशासाठी काढलंय, हे विचारायला मला बारा पायऱ्या चढायच्या होत्या. पण मी चढलो नाही, कारण मला त्यात रस नव्हता. मला रस होता डोंगरात. आणि त्या दिवसापासून मला तड्याचं कारण सापडलं होतं. वर ड्रिल, खाली डोंगर! छत हादरतं, भिंत हादरते, भिंतीला टेकलेला प्लाय हादरतो. केसपेपरवर मी लिहिलं, कारण: वरचा मजला. आता तुम्ही म्हणाल, अरे, पण ड्रिल सुरू व्हायच्या आधीही तडा जात होता ना? जात होता. पण मनाजोगतं कारण सापडल्यावर माणूस मागच्या तारखा कशाला बघतोय!

मी गेलो सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. शहाभाई नाव त्यांचं. शांत माणूस, दारातच चप्पल घालून उभे असतात, म्हणजे कुणी आत येऊन बसू नये.

"बोला अशोकभाई."

"परबांच्या ड्रिलने तडे जातायत."

शहाभाईंचा चेहराच पडला. "अरे बापरे. भिंतीला? बीमला?"

आता खोटं बोलायचं नाही हा माझा नियम. "डोंगराला," मी म्हणालो.

ते दारातून एक पाऊल बाहेर आले. "कुठल्या डोंगराला?"

घरी आणून दाखवला. ते वाकून बघत होते. बोगद्यात डोकावले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "मस्त आहे हां. पण याच्यासाठी मी काम कसा बंद करू?"

मी कमिटीत सहा वर्षं काढलेली. कुठलं कलम कुठे आहे ते मला तोंडपाठ. म्हटलं, "त्यांनी तोडफोडीसाठी परवानगीचं पत्र दिलंय का? प्लंबरचं पत्र जोडलंय का?"

दिलं नव्हतं. घाईत राहिलं होतं. मी तिथल्या तिथे कागद मागितला आणि अर्ज लिहिला. माझं अक्षर फार सुंदर आहे. प्लास्टरवर तारीख लिहून लिहून झालंय. दुसऱ्या दिवशी परबांच्या दारावर नोटीस: पत्र द्या, कमिटीच्या मीटिंगमध्ये मंजूर करून घ्या, तोवर काम बंद.

आणि मुंबईत काम बंद म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मिस्त्री एक दिवस बसला, दुसऱ्या दिवशी त्याला मीरा रोडला दुसरं काम लागलं, तो गेला. फोन केला की "आलोच मॅडम" म्हणतो. मीटिंग कोरमअभावी पुढे गेली. बाथरूम अर्धं फोडलेलं, लाद्या उखडलेल्या, आणि वर शांतता.

मी खूश! काय शांतता होती म्हणता! मी डोंगर पुन्हा नीट केला, हलक्या हाताने रंगही दिला. संध्याकाळी आम्ही तो उचलून भिंतीला टेकवला.

सकाळी तडा.

"आता काय हो?" नीता म्हणाली.

"कुकर," मी म्हणालो.

"काय?"

"तुझा कुकर. पाच शिट्ट्या करतेस. हादरे बसतात."

तुम्हाला सांगतो, आठवडाभर आमच्याकडे भात पातेल्यात शिजला. डाळ तर अर्धी कच्चीच राहायची. बिचारी बोलली नाही. एकदाच म्हणाली, "अहो, संध्याकाळी उचलताना आतून करकर वाजतं, ऐकलंय का कधी?" मी म्हटलं, "तो प्लाय आहे, प्लाय वाजतो." आणि आठवडा संपायच्या आत परत तडा! मग मी फ्रिजकडे बघायला लागलो.

अशात एका दुपारी फोन आला. काकीचा.

"अशोक रे, प्लास्टर काढून आठ दिस झाले!"

"अरे वा! पाय कसा आहे?"

"वाळान काठी झालो. पण तो होतलो बरो. डॉक्टर म्हणता, घरात काठी घेवन चाल. माका सांग, तू एवढ्यांची प्लास्टरा घातलंस, किती दिवसांनी पाय पयल्यासारखो होता?"

मी माझ्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोललो. सूज, व्यायाम, कोमट पाणी. शेवटी विचारलं, "मग घरी कधी येताय?"



"येवचा कसा रे? डॉक्टरान सांगल्यान, न्हाणयेत धरूक दांडे बसवा, खालची लादी खरखरीत घाला, मगेच न्या. वर्षान सगळा आणून ठेवल्यान. काम पण सुरू केल्यान. तर कोणीतरी सोसायटीत कागद दिल्यान नि काम बंद केल्यानी. मिस्त्री गेलो. आता किती दिवस झाले बघ."

तो 'कोणीतरी' म्हणजे मी! 

"लेक चांगली आसा," काकी बोलतच होती. "जावई पण चांगलो. पण लेकीचा घर ता लेकीचा. रात्री उठाक होया तर कोणाक तरी हाक मारूची लागता. ती दोघा दिसभर कामार जातत, त्यांका झोपेतसून कशाक उठवा? म्हणान मी सांजवेळेपासून पाणीच पिऊक सोडलंय." मग हळूच म्हणाली, "कोण असात रे तो? त्येचा मी काय वाईट केल्लंय?"

मी म्हणालो, "बघतो, काकी."

चौतीस वर्षांत मी हजारो लोकांना सांगितलं असेल, बाथरूममध्ये धरायला काहीतरी बसवून घ्या, तुमचा पाय परत मोडेल. माझं ठरलेलं वाक्य होतं ते. प्लास्टर काढल्यावर कागदावर लिहूनही द्यायचो. आणि माझ्याच डोक्यावर ते दांडे बसत होते, तर मी काय ऐकलं? नव्या लाद्या नि नवे नळ! मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल. मी डोंगरासमोर जाऊन बसलो आणि त्याच्याकडे रागाने बघत राहिलो. ड्रिल बंद होऊन दोन आठवडे झालेले, कुकर बंद, आणि त्याच्या अंगावर हात जाईल एवढा तडा.

मी हॅक्सॉचं पातं घेतलं आणि तड्यावरून सरळ कापत गेलो. प्लास्टर काढायला हाताला सवय आहेच. दोन्ही बाजू धरून उघडल्या. डोंगर शिंपल्यासारखा उघडला. नीता मागून बघत होती.

"अहो, हे आत पांढरं काय आहे?"

"कापूस."

"कापूस? डोंगरात?"

"मग? आधी कापसाची पट्टी गुंडाळायची, वर प्लास्टर. कायम असंच करतात."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे काय? त्वचेला लागू नये म्हणून!"

 नीताने अगदी हळू आवाजात विचारलं, "कुणाच्या?"

आता तुम्ही हसू शकता. मी अडवत नाही.

हातांनी केलं हो ते. मी नाही केलं! चौतीस वर्षं आधी कापूस, मग पट्टी. हातांनी जाळीचा सांगाडा बघितला, त्यांना तो पाय वाटला, त्यांनी निमूट कापूस गुंडाळला. मला पत्ताही नाही. पायाला ते चालतं, कारण तिथे प्लास्टर चारही बाजूंनी गोल गुंडाळलेलं असतं आणि आत भरीव पाय असतो. डोंगर म्हणजे पालथी वाटी. खाली मऊ गादी आणि वर कडक कवच, धरायला काहीच नाही. रोज संध्याकाळी आम्ही प्लाय उचलायचो, तो मध्ये वाकायचा, कापूस दबायचा, आणि वरचं प्लास्टर अधांतरी राहून तडकायचं. शिवाय कोरडा कापूस ओल्या प्लास्टरमधलं पाणी आधीच पिऊन टाकायचा, त्यामुळे ते कच्चं राहायचं ते वेगळंच. माणसाला प्लास्टर घालतात ते पुढे काढायचं असतं, म्हणून कापूस. डोंगराचं काढायचं नसतं, तर त्याने खालच्या जाळीला घट्ट धरून बसायला हवं. एवढी साधी गोष्ट. ठाण्याच्या बँकवाल्याने एका ओळीत विचारली होती.

त्या संध्याकाळी मी त्या बारा पायऱ्या चढलो.

वर्षा ऑफिसातून नुकती आली होती. मागे बाथरूमचं दार उघडं. उखडलेली जमीन, कोपऱ्यात सिमेंटची गोणी, आणि भिंतीला टेकवलेले दोन स्टीलचे दांडे, अजून प्लास्टिकमध्ये.

"वर्षा, तो अर्ज मी दिला होता."

 पर्स खांद्यावरच होती, ती तिने काढून खुर्चीवर ठेवली.

"मला वाटलं तळमजल्यावरच्यांनी दिला," ती म्हणाली. "आम्ही त्यांच्याशी बोलणं पण सोडलंय, काका."

बघा! म्हणजे तिसरंच घर मध्ये भरडलं गेलं होतं.

"मी कारण विचारलं नाही गं," मी म्हणालो. "विचारायला हवं होतं."

"मीच विचारायला येणार होते तुमच्याकडे. दांडे किती उंचीवर लावायचे ते. म्हटलं, काकांना बरोबर माहीत असेल."

"मग आली का नाहीस?"

"आले होते ना दोनदा. काकी म्हणाल्या, ते डोंगरात आहेत, आत्ता बोलणार नाहीत."

काकी म्हणजे इथे नीता. नीताने मला ते सांगितलंही असणार, आणि मी "हं" म्हटलं असणार. अशा वेळी कुणी चिडून बोललं ना तर बरं वाटतं. ती चिडली नाही. तिने चहा ठेवला, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाभाईंच्या दारात.

"अर्ज मागे घ्यायचाय."

"तसा काय फॉर्म नाय ना आपल्याकडे," ते म्हणाले.

मग मी अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला, परबांच्या परवानगीचं पत्र लिहिलं, प्लंबरला गाठून त्याचंही पत्र मीच लिहिलं आणि सही घेतली. एकाच अक्षरातले तीन कागद बघून शहाभाई म्हणाले, "अशोकभाई, तुम्हीच तक्रार करता, तुम्हीच परवानगी मागता. मीटिंगला पण तुम्हीच बसा." पण सही केली त्यांनी. भला माणूस.

मिस्त्री राहिला. फोनवर तो "आलोच" म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून मी मीरा रोडला त्याच्या साइटवर जाऊन बसलो. दोन दिवस. वाळूच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून. तो जेवायला गेला की मी मागे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हात जोडून म्हणाला, "चाचा, चलो, पहले तुम्हारा ही निपटाते हैं."

दांडे कुठे बसवायचे ते मात्र मी ठरवलं. काकीची उंची वर्षाला विचारून घेतली, आणि गुडघे थोडे वाकवून तिच्याएवढा होऊन कमोडवर बसलो. उठलो. बसलो. उठताना हात आपोआप कुठे जातो ते बघायचं असतं. असं वीस वेळा केलं. मिस्त्री पेन्सिल घेऊन उभा, वर्षा बाहेरून विचारतेय, "काका, झालं?" आणि ड्रिल सुरू झालं तेव्हा, खरं सांगतो, इतका गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही.

काकीला आणायला संदीपबरोबर मीही गेलो. घाटकोपरहून टॅक्सीने बिल्डिंगखाली आलो, तिला लाकडी खुर्चीत बसवलं आणि मी पुढून, संदीप मागून, असे चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर आमच्या दारासमोर दम खायला थांबलो. खुर्ची अजून आमच्या हातातच होती. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"काकी, तो कागद मी दिला होता."

काकीने माझ्याकडे बघितलं. "ठाऊक आसा. वर्षान सांगल्यान."

"चुकलो, काकी."

"आधी माका वर पोचव," काकी म्हणाली. "मगे काय ता बघतंय. आता सोडशीत बिडशीत."

वर नेली. ती आपल्या दारातून आत गेली, काठी टेकत टेकत खिडकीपाशी पलंगावर जाऊन बसली, पलंगावरून हात फिरवला आणि वर्षाला म्हणाली, "तांब्याभर पाणी दी गो." गटागटा प्यायली. मी दारात उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नाही आणि बसायचं धैर्यही नव्हतं. मी खाली आलो.

त्यानंतर दहा दिवस काकी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. नीताशी बोलायची, खिडकीतून भाजीवाल्याशी बोलायची. मी जिन्यात उभा राहून "काकी, व्यायाम करताय ना?" विचारलं तर आतून फक्त टीव्हीचा आवाज. वड्या झाल्या. वास आला. वाटी आली नाही. मी काय तक्रार करणार? हिशेबाने अजून आठ दिवस तिच्याकडे शिल्लकच होते.

मी डोंगर नव्याने घेतला. सगळा कापूस उपटून काढला. जाळी प्लायला जागोजाग ठोकून पक्की केली, खालून पट्ट्या मारल्या म्हणजे उचलताना वाकणार नाही. आधीचा थर ओला करून मगच वरचा दिला, पातळ पातळ, आणि ओलं फडकं टाकून ठेवला. ठाण्याच्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, माझा पहिला डोंगर तर पूर्ण कोसळला होता." तीन दिवस झाले, तडा नाही. चौथा दिवस, नाही. पण खरं सांगू? आनंद असा झाला नाही. गाडी बोगद्यातून जायची, बाहेर यायची, आणि मी वरच्या पावलांचा आवाज ऐकत बसायचो. काठी टक, पाऊल, काठी टक, पाऊल. प्लास्टर घालताना मी कधी विचारच केला नव्हता, की काढून झाल्यावर माणूस घरी जाऊन नेमकं काय करतो.

एका संध्याकाळी तो टक टक आवाज जिन्यात आला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. मी दार उघडलं. काकी! एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, मागे वर्षा, आणि वर्षाच्या हातात पिशवी. पडल्यानंतर काकी स्वतःच्या पायांनी पहिल्यांदा जिना उतरली होती.

"काकी! अहो, सांगायचं ना, मी वर आलो असतो!"

"तुका बघूक नाय इलंय," काकी म्हणाली. "पेशंटाक बघूक इलंय."

मला ओलांडून ती आत गेली. खुर्ची ओढून डोंगरासमोर बसली. ओलं फडकं तिने कोपऱ्यातून हलकेच उचललं, आत बघितलं, परत नीट झाकलं. वर्षाने पिशवीतून सहा मोसंबी आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढून बोगद्याशेजारी रुळांवर ठेवला. नीता तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली.

काकीने डोंगराच्या माथ्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा. बराच वेळ. मग तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्येचो डॉक्टर कोण?"

"मीच, काकी."

काकीने एक मोसंबं उचललं, सोलायला घेतलं आणि मान हलवत म्हणाली, "मगे कसो बरो होतलो रे बाबा!"